हवेल दा

हवेल दा : (मृत्यू सु. ९५०). वेल्सचा राजा. ‘दा’ म्हणजे चांगला, सज्जन. हे बिरुद त्याला नंतरच्या पिढ्यांनी लावले. मध्ययुगीन वेल्सच्या दुसऱ्या कोणत्याही राजाला ते लाभले नाही.

रोद्री मौर (मृत्यू ८७८) हा त्याचा आजोबा. रोद्रीचा मुलगा कडेल याच्याकडून हवेल व त्याचा भाऊ क्लिडोग यांच्याकडे सेसिल्लूगचा मुलूख आला. शेजारचा डवेड मात्र लग्नसंबंधातून मिळाला. तिथला राजा ल्हुवार्ख ९०४ मध्ये वारला आणि त्याची मुलगी एलेन ही हवेलची पत्नी होती. ९२० मध्ये क्लिडोगही मारला गेला. हे दोन्ही मुलूख मिळून पुढे देहाइबार्थ हे दक्षिणेतले मोठे राज्य उभे राहिले.

इंग्रज राजांशी हवेल कधी लढला नाही. ९१८ मध्ये त्याने थोरल्या एडवर्डचे वर्चस्व मान्य केले. पुढे अथेलस्टनच्या दरबारात तो मांडलिक राजा म्हणून हजर असे आणि सनदांवर साक्षीदार म्हणून त्याचे नाव येई. एका मुलाचे नावही त्याने एडविन असे इंग्रजी ठेवले. याला लाचारी म्हणणे अन्यायाचे होईल. उत्तर वेल्समधल्या ग्विनेद राज्याचा राजा इडवाल, म्हणजे हवेलचा चुलतभाऊ, ९४२ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढताना मारला गेला. त्यानंतर इडवालच्या मुलांना बाजूला सारून हवेलने ग्विनेद घेतले. पूर्वेकडचे पोविस राज्यही त्याच्या हाती आले आणि वेल्सचा बहुतेक भाग एका राजाखाली आला. त्याच्या नावाचे चांदीचे एक नाणे आज शिल्लक आहे. ते इंग्रजांच्या चेस्टर गावात पाडलेले असून त्यावर ‘हवेल राजा’ अशी लॅटिन अक्षरे आहेत.

९२८ च्या सुमारास तो रोमच्या यात्रेला गेला होता. वेल्सचे कायदे त्याने व्हिटलँड येथे जाणत्यांची सभा भरवून एकत्र केले, अशी परंपरा आहे. उपलब्ध हस्तलिखिते मात्र तेराव्या शतकापासूनची आहेत, त्यामुळे त्यांतले नेमके कोणते कलम हवेलच्या काळचे हे सांगता येत नाही. या कायद्यात खुनाची भरपाई मारणाऱ्याच्या भावकीने द्यायची असे. सात वर्षे संसार केलेल्या बाईला काडीमोडीनंतर घरातल्या जंगम मालमत्तेचा निम्मा वाटा मिळे. मांजराची किंमतही ठरलेली होती : डोळे न उघडलेल्या पिलाला एक पेनी, उंदीर मारू लागलेल्या मांजराला चार.

बापाची जमीन सर्व मुलांत वाटावी, असेही हाच कायदा सांगतो. हवेल गेल्यावर भाऊबंदकी पेटली. इडवालच्या मुलांनी ग्विनेद परत घेतले आणि ९५४ मध्ये ल्हानरूस्ट येथे हवेलच्या मुलांचा पराभव केला. देहाइबार्थ तेवढे हवेलचा मुलगा ओवेन (मृत्यू ९८८) याच्याकडे राहिले. त्याच्या काळात जमवलेल्या वंशावळींत आधी बापाकडची पिढी दिली आहे आणि लगेच त्याखाली आई एलेनकडची, कारण डवेडवरचा हक्क तिच्याकडून आला होता.