मोर नाचला, पण कुठे?
वर्णनात्मक लेखनाच्या वर्गाविषयी पालकांसाठी माहितीपत्रक

पालकहो,

चौकशीला येणाऱ्या पालकांची तक्रार साधारण एकच असते. "बोलायला लागली की थांबत नाही, पण निबंध लिही म्हटलं की चार ओळींत गाडी अडते." मग विचारणा होते ती चांगल्या वाक्यांच्या यादीची, सुविचारांची, पाठ करता येईल अशा एखाद्या 'पावसाळ्यातील एक दिवस'ची. आमच्याकडे अशी यादी मिळत नाही. त्याऐवजी काय मिळतं, ते या पत्रकात सांगितलं आहे. प्रवेश घ्यायच्या आधी ते वाचावं, एवढी विनंती.

सातवीतल्या कुणाचीही वही उघडा. पावसाचं वर्णन बहुधा असं असतं:

"आकाशात काळे काळे ढग जमा झाले. विजा चमकू लागल्या. धो धो पाऊस सुरू झाला. सृष्टीने हिरवा शालू परिधान केला. मोर पिसारा फुलवून नाचू लागले. ते नयनरम्य दृश्य पाहून माझे मन आनंदाने भरून आले."

व्याकरण बिनचूक आहे, अलंकारसुद्धा आहे. फक्त हा मुलगा राहतो साताऱ्यात, पोवई नाक्याजवळच्या एका सोसायटीत. मोर नाचताना त्याने पाहिलेला नाही, आणि शालू म्हणजे नेमकं कसलं वस्त्र हेही त्याला ठाऊक नाही. पाऊस मात्र त्याने दरवर्षी चार महिने पाहिला आहे, अंगावर घेतला आहे, त्यापायी शाळेला दांडीही मारली आहे. त्यातलं काहीच वहीत उतरलेलं नाही. ही ठेवणीतली वाक्यं कुठून येतात ते आपण सगळेच जाणतो: मार्गदर्शकातून, फळ्यावरून, हल्ली मोबाइलवरून, आणि खरं बोलायचं तर आपल्याच जुन्या वह्यांमधून.

आधी प्रश्न, मग वाक्य

वर्गात अशा वेळी आम्ही लाल पेन काढत नाही. प्रश्न विचारतो. पाऊस आला तेव्हा तू कुठे उभा होतास? शेजारी कोण होतं? आधी दिसला की आधी ऐकू आला? पायांना काय लागलं? कुणी काय केलं, जे इतर कुणी केलं नाही? पहिल्या दोन-तीन उत्तरांना मुलं कंटाळतात. मग एकदम काहीतरी आठवतं आणि बोलणं सुरू होतं. बोललेलं तसंच कागदावर उतरवायचं, एवढंच पहिलं काम. अशा बोलण्यातून तयार होणारा परिच्छेद कसा असतो, त्याचा आम्ही बनवलेला एक नमुना पाहा:

"आम्ही एसटी स्टँडच्या शेडमध्ये उभे होतो. पत्र्यावर आधी ताडताड थेंब पडले, मग सगळा आवाज एक झाला. आजी काहीतरी सांगत होती, पण नुसते ओठ हलताना दिसत होते. मेढ्याची गाडी आली आणि तिने उडवलेलं तांबडं पाणी माझ्या मोज्यांपर्यंत पोचलं. शेंगा विकणाऱ्या मावशींनी आधी टोपलीवर प्लॅस्टिक टाकलं, मग उरलेलं टोक स्वतःच्या डोक्यावर घेतलं. गाडीचा एकच वायपर चालत होता. जणू तो ड्रायव्हरकाकांना म्हणत होता, नको जाऊ, नको जाऊ."

यात 'सुंदर' नाही, 'विलोभनीय' नाही, आनंदाने भरून आलेलं मन नाही. मावशींनी आधी शेंगा झाकल्या, एवढ्यावरून त्यांचं पोट कशावर चालतं ते वाचणाऱ्याला कळतं. वेगळं सांगावं लागत नाही. आणि अलंकार आहे तो शेवटी, एकच. वायपर खरोखर डावीकडे-उजवीकडे मान हलवत असतो, म्हणून तो वाक्यात चपखल बसला.

आमची शिकवण्याची सगळी पद्धत या क्रमात आहे: आधी पाहणं, मग नेमका शब्द, आणि अलंकार सगळ्यात शेवटी, तोही गरज असली तर.

नेमका शब्द घरातच सापडतो

पाणी 'पडतं' एवढ्यावर मुलं थांबतात. माठ पाझरतो, नळ गळतो, सलाइन ठिबकतं, भिंतीत ओल झिरपते, काचेवरून थेंब ओघळतो, खड्ड्यात पाणी साचतं. क्रियापद बरोबर मिळालं की विशेषणाची गरज निम्मी होते, हा आमचा अनुभव. म्हणून पहिले काही तास आम्ही विशेषणांना जवळजवळ बंदीच घालतो. मुलं कुरकुरतात; कुरकुरू द्यावं.

आवाजांच्या बाबतीत तर मराठी भलतीच श्रीमंत आहे. डोळे मिटून बसायचं आणि जिन्यावरून कोण येतंय ते नुसत्या आवाजावरून लिहायचं, हा मुलांचा आवडता खेळ. चपलांची फटफट, बुटांची टकटक, पैंजणांची छुमछुम, किल्ल्यांची खणखण, काठीची ठकठक. कुणी पाय घासत येतं त्याला 'फरफट' म्हणायचं की 'खसखस', यावर वर्गात कधीकधी चांगली भांडणं होतात. रंगांचंही तसंच. काळं ते काळंच नसतं: केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट, करपलेली पोळी काळीठिक्कर. कपडे पांढरेशुभ्र, घाबरलेला चेहरा पांढराफटक. यातली एकही जोडी अदलाबदल करून पाहा, वाक्य लगेच बिघडतं. मुलांना हे कान सांगतो, नियम सांगावा लागत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे नाक. 'छान वास येत होता' यापुढे कुणी जात नाही. साताऱ्यात कंदी पेढ्यांसाठी खवा भाजला जात असताना रस्त्यापर्यंत येतो तो वास खरपूस. तोच खवा जरा जास्त राहिला तर करपट. शिळ्या शेंगदाण्याचा खवट, बंद कपाटाचा कुबट, डब्यात राहून गेलेल्या वरणाचा आंबूस, फोडणीचा खमंग. आजी हे सगळे शब्द रोज वापरते. नातवाच्या वहीत मात्र ते येत नाहीत, कारण ते 'निबंधातले शब्द' नाहीत अशी कुणीतरी त्याची समजूत करून दिलेली असते.

अलंकार ओळखणं आणि घडवणं

शाळेत अलंकार ओळखायला शिकवतात, आणि ते आवश्यकच आहे. गुण त्यावर असतात. मुलं ओळख पटकन शिकतात: 'सारखा', 'सम', 'प्रमाणे' दिसलं की उपमा, 'जणू', 'गमे', 'भासे' दिसलं की उत्प्रेक्षा. पण स्वतः एक उपमा तयार कर म्हटलं की पुन्हा तोच चंद्रासारखा चेहरा आणि तेच कमळासारखे डोळे.

आम्ही एकच वस्तू घेतो आणि तिच्यावर सगळे अलंकार करून पाहतो. साताऱ्यातल्या मुलांसाठी सोयीचा म्हणजे अजिंक्यतारा; खिडकीतून दिसतो, फी पडत नाही. किल्ल्याचा माथा सपाट आणि पसरट. घरात असं काय आहे? कुणीतरी म्हणतं, पालथी परात. झालं.

"अजिंक्यतारा पालथ्या परातीसारखा दिसत होता." ही उपमा. अजिंक्यतारा उपमेय, परात उपमान, सपाट पसरट आकार हा साधारण धर्म आणि 'सारखा' हा साधर्म्यवाचक शब्द. उपमेचे चारही भाग पाठ न करता हाती लागतात.

"अजिंक्यतारा म्हणजे जणू शहराच्या डोक्यावर पालथी घातलेली परातच." ही उत्प्रेक्षा. दोन्ही एकच आहेत की काय, असं आता वाटू लागलं आहे.

"अजिंक्यताऱ्याची परात आज धुक्याखाली झाकली होती." 'सारखा' गेला, 'जणू' गेला, किल्ला आणि परात एकच झाले. हे रूपक.

"अजिंक्यताऱ्याने धुकं डोक्यावरून ओढून घेतलं." आता परातही गेली आणि किल्ला माणसासारखा वागायला लागला. ही चेतनगुणोक्ती, आणि मुलांना सगळ्यांत जास्त आवडते ती हीच. इतकी आवडते की नंतर आठवडाभर वहीतलं प्रत्येक झाड हसतं, प्रत्येक वारा गातो आणि प्रत्येक खुर्ची रडते. तेवढे दिवस आम्ही सोसतो.

मग उपमेला दोन कसोट्या लावायच्या. पहिली: कशात सारखं? मुलाला ते सांगता आलं पाहिजे. 'डोळे कमळासारखे' म्हणणाऱ्याला विचारलं, रंगाने की आकाराने, तर तो गप्प होतो. दुसरी कसोटी जरा सूक्ष्म आहे. उपमान एकटं येत नाही, स्वतःची आठवण आणि भाव घेऊन येतं. आजीचे हात कसे? 'सायीसारखे मऊ' म्हटलं की माया येते. 'शेवग्याच्या शेंगांसारखी बोटं' म्हटलं की गाठी, शिरा, कष्ट दिसतात. 'सुकलेल्या पानासारखे' म्हटलं की वय दिसतं आणि थोडी भीतीही. तिन्ही बरोबर आहेत. त्या परिच्छेदात तुला आजीबद्दल काय सांगायचंय, त्यावर निवड ठरते. पाचवीतल्या मुलाकडून आम्ही पहिल्या कसोटीपुरतीच अपेक्षा ठेवतो. दुसरी साधारण आठवीपासून जमू लागते.

प्रमाणाचंही भान हवं. एका परिच्छेदात एक अलंकार पुष्कळ झाला. मीठ जास्त पडलेल्या आमटीचं काय करायचं हा प्रश्न स्वयंपाकघरात सुटतो, निबंधात नाही.

"आमच्या घरी वाचनाचं वातावरण नाही हो"

हे पालक अपराधी सुरात सांगतात. वाचन असेल तर उत्तमच, नसेल तर अडत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे पाठ्यपुस्तकांतूनच आपल्याला ठाऊक आहे. 1880 ते 1951 हा त्यांचा काळ, आणि त्यांच्या प्रतिमा आल्या त्या जातं, चूल, शेत, विहीर यांतून. जे रोज हाताखालून जात होतं त्यातून. तुमच्या मुलाच्या हाताखालून जातं जात नसेल. मिक्सर जातो, रिक्षाचं मीटर जातं, लिफ्टचं दार जातं. त्यांतूनही प्रतिमा होतात. 'गर्दीत आईचा हात सुटला तेव्हा नेटवर्क गेल्यासारखं वाटलं', असं कुणी लिहिलं तर आम्ही ते खोडत नाही.

घरची बोलीही खोडत नाही. संवादात आजी 'लई वेळ झाला रं' म्हणत असेल तर वहीतही तिने तेच म्हणावं. निवेदन प्रमाण मराठीत, बोलणं ज्याचं त्याच्या तोंडचं, एवढा भेद मुलांना समजतो. पत्रलेखन, सारांश या कृतींत अर्थातच प्रमाण भाषा.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांविषयी एक गोष्ट. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे ही मुलं आमच्याकडे मोठ्या संख्येने येतात. त्यांचं निरीक्षण बहुतेकदा चांगलं असतं. शब्दांची चणचण असते, आणि 'भारी' या एका शब्दावर सगळा संसार चाललेला असतो. त्यांना पहिल्या मसुद्यात इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायची मुभा आहे. दुसऱ्या मसुद्यात जिथे सोपा मराठी शब्द मिळतो तिथे बदलायचा, नाहीतर राहू द्यायचा. वायपरला वायपरच म्हणावं.

गुणांचं काय?

दहावीच्या कुमारभारतीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला 24 गुण असतात. त्यांतले 8 गुण लेखनकौशल्याच्या कृतीला: प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांपैकी एक. पहिल्या दोन्हींत वर्णनावाचून पान हलत नाही. त्यामुळे उपयोग होतो, पण अमुक गुण वाढतील असं लिहून आम्ही देत नाही, कुणी देत असेल तर जरा जपून. शुद्धलेखन आम्ही घेतोच, मात्र शेवटच्या मसुद्यावर. आठवणी भराभर उतरत असताना ऱ्हस्व-दीर्घासाठी थांबवलं की मूल पुन्हा 'नयनरम्य'कडे वळतं, कारण तो शब्द त्याला बिनचूक लिहिता येतो.

घरी काय करावं, काय करू नये

जेवताना एक प्रश्न पुरे: आज शाळेतून येताना असं काय दिसलं, जे काल नव्हतं? उत्तर 'काही नाही' आलं तर सोडून द्या, उद्या पुन्हा विचारा. चांगलं उत्तर आलं की लगेच 'हे लिही' म्हणू नका. उद्यापासून उत्तरं बंद होतील.

निबंध सांगू नका. एखादं वाक्य सुचवायचा मोह आवरत नाही हे आम्हाला समजतं, पण तुमचं वाक्य वहीत लगेच ओळखू येतं, त्यात बहुधा 'अविस्मरणीय' असतं. मोबाइलवरून उतरवलेला निबंध तर पहिल्या प्रश्नातच उघडा पडतो, कारण 'तू कुठे उभा होतास?' याचं उत्तर त्यात नसतं.

वर्गाची माहिती

वर्ग पाचवी ते दहावीसाठी, तीन गटांत: पाचवी-सहावी, सातवी-आठवी, नववी-दहावी. एका गटात जास्तीत जास्त आठ मुलं, कारण प्रत्येकाचा मसुदा समोर बसून वाचायचा असतो. आठवड्यातून एक तास, शिवाय महिन्यातून एकदा बाहेर: भाजी मंडई, स्टँड, आणि पाऊस उघडल्यावर यवतेश्वरच्या घाटातून कासला. कासच्या सहलीला पालकांची लेखी परवानगी लागते. शुल्क आणि वेळा सोबतच्या चिठ्ठीत आहेत. मधूनच वर्ग सोडल्यास उरलेल्या महिन्यांचं शुल्क परत मिळतं.

पहिल्या तासाला मुलांनी एक साधी वही, पेन्सिल आणि घरातली रोजच्या वापरातली एक वस्तू आणावी. किसणी, कुलूप, आजोबांच्या चष्म्याचं घर, काहीही चालेल. शोभेची वस्तू नको, कपाटातलं बक्षीस नको. किसणी आणलीत तर कागदात नीट गुंडाळून द्या.