ओस्त्रावा, ऑक्टोबर २०२०: महिला टेनिस हॉलमध्ये कसं परतलं

२०२०च्या ऑक्टोबरमध्ये चेक प्रजासत्ताकात कोरोनाची लाट युरोपातल्या सर्वांत भीषण लाटांपैकी एक होती. ५ ऑक्टोबरपासून आणीबाणी लागू होती, शाळा आणि रेस्टॉरंट्स बंद झाली होती, फुटबॉल आणि आइस हॉकीच्या लीगही थांबल्या होत्या. २२ तारखेला लॉकडाउन लागला. नेमक्या त्याच आठवड्यात ओस्त्रावात महिला टेनिसची एक कोरी करकरीत स्पर्धा सुरू होती, आणि तीसुद्धा बंदिस्त हॉलमध्ये, प्रेक्षकांविना. वर्षाच्या सुरुवातीला या स्पर्धेचं नावही वेळापत्रकात नव्हतं.

ती कुठून आली हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं. १९७०मध्ये बिली जीन किंगसह नऊ खेळाडू प्रस्थापित संघटनांशी भांडून वेगळ्या झाल्या आणि पुढच्या वर्षी महिलांचं स्वतंत्र सर्किट उभं राहिलं. अमेरिकेतल्या हिवाळ्यात ते बऱ्याच अंशी हॉलमध्येच रंगायचं. १९७९पासून २०००पर्यंत मोसमाची अखेरची मोठी स्पर्धा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होत असे. युरोपात शरद ऋतू म्हणजे जर्मनीतलं फिल्डरश्टाट, स्वित्झर्लंडमधलं झुरिक, ऑस्ट्रियातलं लिंत्स इथल्या हॉलमधल्या स्पर्धा. प्रागमध्ये जन्मलेल्या मार्टिना नवरातिलोवाने फिल्डरश्टाटची स्पर्धा सहा वेळा जिंकली. हॉलमध्ये वारा नाही, डोळ्यांवर येणारं ऊन नाही. सर्व्हिससाठी उडवलेला चेंडू हवा तिथेच राहतो, म्हणून जोरकस फटके मारणारीला इथे बळ मिळतं.

मग पैसा पूर्वेकडे गेला. झुरिकची स्पर्धा २००८नंतर संपली, फिल्डरश्टाटहून श्टुटगार्टला गेलेली स्पर्धा २००९पासून क्ले (मातीच्या) कोर्टवर एप्रिलमध्ये होऊ लागली. मोसमाचा शेवट चीनमध्ये सरकला: बीजिंग, वुहान आणि २०१९मध्ये शेन्झेन. शेन्झेनमधली वर्षअखेरची स्पर्धा जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅश बार्टीला ४४ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. महिला खेळाडूंना इतका मोबदला मिळावा यात वाईट काहीच नाही, उलट तो त्यांचा हक्कच होता. पण मोसमाचा जवळपास सगळा शेवट एकाच देशाच्या हवाली करण्यातला धोका तेव्हा फारसा कुणी बोलून दाखवला नाही.

जुलै २०२०मध्ये चीनने आंतरराष्ट्रीय स्पर्धांना नकार दिला आणि तिथल्या सात महिला स्पर्धा एका फटक्यात रद्द झाल्या. विम्बल्डन आधीच रद्द झालं होतं, फ्रेंच ओपन ११ ऑक्टोबरपर्यंत लांबलं होतं. त्यानंतर खेळायचं कुठे? क्रमवारीत खालच्या खेळाडूंसाठी हा पोटापाण्याचा प्रश्न होता, कारण सामना नाही तर कमाईही नाही.

ओस्त्रावाने हात पुढे केला यात नवल नाही. कोळसा आणि पोलादाचं हे शहर टेनिसपटू इव्हान लेंडलचं जन्मगाव. टेनिसपटू पेट्रा क्विटोवा जवळच्याच बिलोवेत्सची. चेक महिलांनी २०११ ते २०१८ या काळात सहा वेळा फेड कप, म्हणजे देशांच्या महिला संघांची स्पर्धा, जिंकला, आणि ओस्त्रावाच्या अरीनात त्या स्पर्धेच्या लढतीही झाल्या होत्या. आइस हॉकीसाठी ओळखला जाणारा हा हॉल १९८६चा. कोर्ट टाकण्याचा अनुभव होता, खेळाची जाण होती, नव्हते ते फक्त प्रेक्षक.

त्या शांततेत जे टेनिस झालं, ते पाहायला हजारो माणसं असायला हवी होती असं मला अजूनही वाटतं. उपांत्यपूर्व फेरीत आर्यना सबालेंका सारा सोरिबेस तोर्मोविरुद्ध ०-६, ०-४ अशी मागे होती. तिथून तिने सलग बारा गेम घेतले आणि सामना ०-६, ६-४, ६-० असा जिंकला! त्याआधी कोको गॉफविरुद्धही ती तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये कशीबशी जिंकली होती. अंतिम फेरीत समोर तिच्याच देशाची, बेलारुसची व्हिक्टोरिया अझारेंका होती. ६-२, ६-२. एलिस मर्टेन्ससोबत दुहेरीही तिनेच जिंकली. त्यानंतर नोव्हेंबरवर ढकलली गेलेली लिंत्सची स्पर्धा आणि जानेवारीत अबुधाबी, असे ओळीने पंधरा सामने ती हरली नाही. २०२३ची ऑस्ट्रेलियन ओपन विजेती घडण्यात या शरदातल्या हॉलचा मोठा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

तात्पुरती म्हणून आलेली ही स्पर्धा पुढची दोन वर्षं टिकली. २०२१मध्ये अ‍ॅनेट कोन्तावेट जिंकली आणि दुहेरीत मुंबईत जन्मलेल्या सानिया मिर्झाने झांग शुआईसोबत विजेतेपद मिळवलं. सानियाच्या कारकिर्दीतलं हे ४३वं आणि शेवटचं दुहेरी विजेतेपद. २०२२मध्ये बार्बोरा क्रेइचिकोव्हाने घरच्या प्रेक्षकांसमोर, तीन तासांहून अधिक चाललेल्या अंतिम सामन्यात इगा श्वियाँतेकला हरवलं. २०२३मध्ये चीनमधल्या स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या आणि त्या वर्षीच्या शरदात ओस्त्रावाला जागा उरली नाही.