वायुवीजन : नाशिकमधील घरे व वर्ग

खोलीतली वापरलेली हवा बाहेर घालवून ताजी हवा खेळती ठेवणे म्हणजे वायुवीजन. क्षयरोग, गोवर, कांजिण्या, कोविड हे आजार हवेतून पसरतात. बोलता-खोकताना सुटणारे अतिसूक्ष्म कण कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. गोवराचा रुग्ण निघून गेल्यावरही २ तासांपर्यंत त्या खोलीत लागण होऊ शकते. विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली या संशोधकांनी १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये क्षयरोग वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे वळवली. रुग्णांच्या जवळही न गेलेल्या त्या प्राण्यांना नुसत्या हवेतून क्षय झाला.

जुन्या नाशकातल्या वाड्यांना मधला चौक असे. तापलेली हवा चौकातून वर निघून जाई, तिच्या जागी दारा-खिडक्यांतून नवी येई. देवळालीला तर मुंबईकर हवापालटासाठीच येत. आजच्या फ्लॅटची सरकत्या काचांची खिडकी सताड उघडली तरी निम्मीच उघडते, शिवाय तिला डासांची जाळी. निफाडकडून गारठ्याच्या बातम्या येऊ लागल्या की नाशिककर ती खिडकीही लावून घेतात, आणि सर्दी-खोकल्याचे दिवसही तेच असतात.

त्याहून काळजी वाटावी अशी जागा म्हणजे कॉलेज रोडसारख्या भागातले खासगी क्लास. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा सोडतो, आणि छताचा पंखा ती नुसती ढवळतो. वर्ग गार असला म्हणजे हवा ताजी असते असे मुळीच नाही. फी भरताना पालकांनी एक्झॉस्ट फॅन आहे का, खिडकी उघडते का, हे आवर्जून विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा जागांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवली. मोजायचे तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर कामी येतो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असते. भरल्या वर्गात आकडा हजारावर चढला, की मुले एकमेकांचा उच्छ्वास आत घेत आहेत असे समजावे.

घरी उदबत्तीही पुरते. ती खोलीच्या मधोमध धरावी. धूर एका बाजूला ओढला गेला तर हवा वाहते आहे. जागीच घुटमळला तर समोरासमोरची दारे-खिडक्या बोटभर तरी उघडाव्यात. खिडकी एकच असेल तर टेबल फॅनचे तोंड बाहेरच्या बाजूला करून तो खिडकीत ठेवावा. तासाला ६ वेळा हवा बदलली तर तरंगणारे ९९ टक्के कण निघून जायला सुमारे ४६ मिनिटे लागतात, १२ वेळा बदलली तर २३. दिवाळीच्या धुरात किंवा कचरा जळत असताना खिडकी उघडणे सोसत नाही. तेव्हा हेपा फिल्टरचा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचा) प्युरिफायर लावावा. तो कण गाळतो, कार्बन डायऑक्साइड मात्र तसाच राहतो.

२०२७ च्या सिंहस्थात धर्मशाळा आणि मंगल कार्यालयांत माणसे दाटीवाटीने झोपतील, तिथे एक्झॉस्ट फॅन पाणी-शौचालयांइतकेच निकडीचे आहेत. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर त्याची खाट हवा बाहेर जाते त्या खिडकीपाशी ठेवावी आणि बाकीच्यांनी हवा आत येते त्या बाजूला बसावे.