नागदवणा की स्पायडर लिली?

पावसाळा लागला की ‘हे कुठलं झाड?’ असं विचारत एका पांढऱ्या फुलाचे फोटो येऊ लागतात. कांद्यातून निघालेली लांब हिरवीगार पानं, मधून वर आलेला दांडा, त्याच्या टोकाला अरुंद, बाकदार पाकळ्यांच्या फुलांचा घोस आणि तिन्हीसांजेनंतर दरवळणारा वास. एवढं वर्णन नागदवण्याला लागू पडतं आणि स्पायडर लिलीलाही. नर्सरीत तर दोन्ही सर्रास ‘लिली’ म्हणूनच मिळतात.

फूल उमललेलं असेल तर अगदी जवळ जाऊन त्याच्या मधोमध बघा. स्पायडर लिलीत तिथे पातळ, पांढऱ्या पापुद्र्याची वाटी असते आणि सहा पुंकेसर त्या वाटीच्या काठावरून निघतात. नागदवण्याला ही वाटी नसते. त्याचे सहाही पुंकेसर पार खालपर्यंत सुटे, आणि वरच्या भागात बहुधा जांभळट-लालसर. माझ्या मते ही एकच खूण पुरेशी आहे. पण बहुतेक फोटो चार हातांवरून काढलेले असतात, त्यात नेमकी वाटीच दिसत नाही, मग मोबाईलवरचं झाडं ओळखणारं अ‍ॅपही गडबडतं. फोटो पाठवायचाच तर एक तरी फुलाच्या मध्यभागाचा पाठवा.

फूल नसेल तेव्हा झाडाची ठेवण बघायची. नागदवणा दांडगा. पान मीटरभर लांब आणि चांगलं चार बोटांहून रुंद; जुन्या पानांचे तळ एकमेकांवर गुंडाळून जमिनीच्या वर जाडजूड मान तयार होते, केळीच्या बुंध्यासारखी. स्पायडर लिलीची पानं जेमतेम दोन ते चार सेंटिमीटर रुंद, जमिनीलगतच समोरासमोर दोन रांगांत फुटलेली. तिचा फुलदांडा चपटा, दोन्ही बाजूंना धार असलेला. घोसात फुलंही कमी. नागदवण्याच्या घोसात वीस-तीस सहज असतात.

नागदवणा मुळात किनाऱ्यावरचा. हिंदी महासागराच्या काठापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत तो सापडतो, कारण त्याचं बुचासारखं हलकं बी समुद्रात तरंगत दूरवर जातं. हे बी नुसतं टेबलावर ठेवलं तरी, ना माती ना पाणी, त्याला कोंब फुटतो. मुलांना मुद्दाम दाखवावं असं आहे हे! स्पायडर लिली मात्र मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंतची, आपल्याकडे शोभेसाठी आणलेली. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये नागदवण्याला क्रायनम हे प्रजातीनाम, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं नाव, दिलं. स्पायडर लिली आधी पॅनक्रॅशियम या प्रजातीत घातली गेली होती. तिची हायमेनोकॅलिस ही प्रजाती 1812 मध्ये वेगळी झाली. या जुन्या घोळाला कारण तीच वाटी. पॅनक्रॅशियमलाही ती असते, आणि त्याची एक छोटी जात आपल्या सह्याद्रीत पावसाच्या सुरुवातीला फुलते. तेव्हा डोंगरावर वाटीचं पांढरं फूल दिसलं तर त्याला बागेतून पळालेली स्पायडर लिली ठरवू नका. पॅनक्रॅशियमचं बी काळं असतं, स्पायडर लिलीचं हिरवं आणि गरदार.

लावताना फरक लक्षात ठेवाच. स्पायडर लिली वाफ्याच्या कडेला, कुंडीत, रस्त्याच्या दुभाजकातही छान बसते. नागदवण्याला चहूबाजूंनी मीटरभर जागा सोडा, नाहीतर शेजारची झाडं दबतात.

विषाच्या बाबतीत दोन्ही सारखीच. कांद्यात लायकोरीन हे विषारी द्रव्य असतं, खाल्लं तर उलट्या होतात. उपटलेले कांदे स्वयंपाकघराच्या आसपास ठेवू नका, कुत्र्याला उकरू देऊ नका.

आणि पावसाळ्यात पांढऱ्या-लाल ठिपक्यांचे काळे सुरवंट दोन्हींवर तुटून पडतात. लहान असताना ते पानाच्या खालच्या बाजूला घोळक्याने बसतात. तेव्हाच ते पान कापून साबणाच्या पाण्यात टाका, कारण मोठे झाले की पानं फस्त करून कांद्यापर्यंत पोहोचतात.