अमेरिकेतले काळे मतदार म्हणे पहिल्यापासूनच डेमोक्रॅट?

मी कोल्हापुरात राज्यशास्त्रात पीएचडी करतोय, विषय अमेरिकेतली वांशिक ओळख आणि मतदान, आणि रंकाळ्यावर चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, अरे त्यात रिसर्च काय करायचा, काळे लोक पहिल्यापासून डेमोक्रॅट, रक्तातच आहे त्यांच्या. लई वाईट वाटतं ऐकून. रक्तात वगैरे काही नसतं.

१८७० च्या घटनादुरुस्तीने काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला तेव्हा ते लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाबरोबर होते, आणि दक्षिणेत पुढे त्यांना मतदानापासून अडवणारे डेमोक्रॅटच होते. १९३६ ला, मंदीत, बहुसंख्य जण डेमोक्रॅट पक्षाच्या रूझवेल्टकडे वळले, पण सगळे नाही हां. १९६० ला तर मार्टिन ल्यूथर किंगचे वडीलच आधी रिपब्लिकन उमेदवार निक्सनच्या बाजूने होते, मग पोरगा जॉर्जियात तुरुंगात पडला, डेमोक्रॅट उमेदवार केनेडींनी सुनेला फोन करून धीर दिला, आणि म्हाताऱ्यानं जाहीरपणे बाजू बदलली. जातीवरून गठ्ठा मोजणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हा फोन लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

डेमोक्रॅटांमागे पक्की एकजूट झाली ती १९६४ ला, वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत देणारा गोल्डवॉटर रिपब्लिकनांनी राष्ट्राध्यक्षपदाला उभा केला तेव्हा.