टाकळघाट ते अमरावती मार्ग : नागपुरात विद्यापीठ संग्रहालयाची जागा ठरवताना

विद्यापीठासाठी नवे संग्रहालय उभारायचे म्हटले की चर्चा बहुधा इमारतीच्या दर्शनी भागापासून सुरू होते. घुमट असावा की नसावा, प्रवेशद्वार कोणत्या रस्त्यावर यावे, पायऱ्या किती रुंद असाव्यात, असे प्रश्न पुढे येतात. या टिपणात तो क्रम उलटा धरला आहे. तेथे कोणत्या वस्तू ठेवायच्या आहेत, त्या कोठून व कशा आल्या आणि नागपूरची माती, पाणी व ऊन त्यांच्याशी कसे वागतात, हे आधी पाहिले तर जागेचा निम्मा निर्णय तेथेच होतो, असे माझे मत आहे.

नागपुरात हा विषय १८६३ या वर्षापासून सुरू होतो. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकाराने त्या वर्षी येथे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले, आणि तेथील नवलाच्या वस्तूंमुळे लोकांनी त्याचे नाव ‘अजब बंगला’ ठेवले. शहराच्या बोलण्यात ते नाव आजही टिकून आहे. त्याच वर्षीच्या ४ सप्टेंबरला या भागाच्या भूगर्भाचा आणि आदिवासी समाजांचा अभ्यास करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळे, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळे, पाहून परतत असताना वाटेत पूर आलेल्या नाल्यात बुडून मरण पावले. टेंपलही या पाहणीला होते. हिस्लॉप यांची आदिवासी समाजांविषयीची टिपणे त्यांनीच पुढे १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. संग्रहालयाची स्थापना, शिळावर्तुळांची पाहणी आणि पावसाळी नाल्याचे पाणी या तिन्ही गोष्टी एकाच वर्षात एकत्र याव्यात, हे मला नुसत्या योगायोगापेक्षा अधिक वाटते. जागेचा विचार करताना याच तीन गोष्टी पुन्हा समोर येतात.

त्या काळात सापडलेल्या वस्तू येथे राहिल्या नाहीत, निदान सगळ्या राहिल्या नाहीत. हिस्लॉप यांनी जमवलेले बरेच जीवाश्म लंडनला गेले. काटोल मार्गावरील जुनापाणी येथील शिळावर्तुळे ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी १८६० च्या दशकात उकरली आणि त्यांतील लोखंडी वस्तू ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात पोहोचल्या. १८७० मध्ये आजच्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे गुरे चारणाऱ्या मुलांना तांब्याची ४२४ अवजारे आणि चांदीचे १०२ पत्रे सापडले. तो साठाही फुटला, काही भाग नागपूरला राहिला आणि काही बाहेर गेला. एका ठिकाणी एकत्र निघालेल्या वस्तू वेगवेगळ्या शहरांत विखुरल्या की त्यांचा परस्परसंबंध तुटतो, आणि तो पुन्हा जोडायला पिढ्यान्‌पिढ्या खर्ची पडतात.

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली आणि सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू झाले. सुरुवातीचे विद्यापीठ प्रामुख्याने परीक्षा घेणारे व पदव्या देणारे होते, त्यामुळे वस्तूंचा संग्रह हा त्याच्या कामाचा भाग नव्हता. तरीही त्याच शैक्षणिक वातावरणात, मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांचे ताम्रपट आणि शिलालेख वाचून विदर्भाचा विसरलेला राजवंश इतिहासात ठळकपणे उभा केला. वाकाटक लेखांचा त्यांनी संपादित केलेला खंड १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

विद्यापीठाच्या हाती प्रत्यक्ष वस्तू आल्या त्या त्यानंतर, पुरातत्त्वज्ञ शांताराम भालचंद्र देव यांच्या उत्खननांमुळे. १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा, १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणासह पवनी, १९७० ते ७२ या काळात माहूरझरी आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात नैकुंड, असा तो क्रम आहे. पहिल्या तीन ठिकाणांचे अहवाल विद्यापीठानेच छापले. हिस्लॉप ज्या टाकळघाटहून परतत होते, त्याच परिसरात शंभर वर्षांनी नागपूरच्या विद्यापीठाने आपले पुरातत्त्वकार्य केले, हा धागा संग्रहालयाच्या पहिल्या दालनात दिसलाच पाहिजे. या उत्खननांतून इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील विदर्भ समोर आला. माहूरझरीला घोड्यांसह केलेली दफने, घोड्याच्या तोंडावर बसवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार, लोखंडी कुऱ्हाडी, कट्यारी, लगामाच्या कड्या आणि अकीक व कार्नेलियन दगडांचे मणी मिळाले. नैकुंडला लोखंड वितळवण्याची भट्टी सापडली आणि पवनीला बौद्ध स्तूप उजेडात आले.

विद्यापीठाच्या संग्रहालयाचे वेगळेपण समजून घ्यायचे तर एक खापर हातात घ्यावे. आतून काळे, बाहेरून तांबडे, तळहाताएवढे. त्याच्या आतल्या बाजूला काळ्या किंवा पांढऱ्या शाईने बारीक अक्षरांत स्थळाची आद्याक्षरे, खड्ड्याचा क्रमांक आणि थराचा क्रमांक लिहिलेला असतो. ही ओळ पुसली गेली तर खापराचे मोल जवळजवळ संपते, कारण ते कोणत्या थरातले हे सांगणारे दुसरे काहीच उरत नाही. सार्वजनिक संग्रहालयातील प्रेक्षकाला घाटदार अखंड भांडे पाहायचे असते, तर विद्यापीठातील विद्यार्थ्याला अशी हजार फुटकी खापरे टेबलावर पसरून बसायचे असते. कलकत्ता विद्यापीठाने १९३७ मध्ये आशुतोष संग्रहालय उभारले आणि बनारस हिंदू विद्यापीठाने १९५० मध्ये भारत कला भवन आपल्यात सामावून घेतले, तेव्हा संग्रह आणि अध्यापन यांचे हे नाते आपल्याकडे मान्य झालेले होते. म्हणून आराखड्यात कोठार, अभ्यासकक्ष आणि वस्तू स्वच्छ करण्याची प्रयोगशाळा यांना मांडणीच्या दालनांइतकीच, किंबहुना अधिक जागा मिळायला हवी. कोठार म्हणजे अडगळ, ही समजूत नकाशावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीच सोडून द्यावी.

आता जमिनीकडे वळू. विद्यापीठाचा अमरावती मार्गावरील शैक्षणिक परिसर फुटाळा आणि अंबाझरी या दोन तलावांच्या मधल्या पट्ट्यात येतो. नागपूर शहर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट आहे आणि पूर्वेला पट्टिताश्म (नाइस) हा त्याहून जुना खडक. पश्चिमेकडील उंचवट्यांवर मातीचा थर पातळ असून थोडे खोदले की मुरूम लागतो, तर सखल भागात काळी माती खोल असते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलच्या शेवटी एखाद्या मोकळ्या भूखंडावर गेल्यास हाताची बोटे सहज आत जातील एवढ्या भेगा दिसतात आणि टाकलेला खडा आत नाहीसा होतो. अशा जमिनीवर उथळ पाया घेतला तर काही पावसाळ्यांत भिंतीला तिरपी चीर जाते. घरात ती बुजवून रंग देता येतो. कोठारात मात्र त्याच चिरेतून ओल, वाळवी आणि कसर आत येते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर केलेल्या खांबांचा पाया विकसित केला आहे. पण उंचवट्यावरची, मुरूम लवकर लागणारी जागा उपलब्ध असताना सखल जागा घेऊन नंतर पायावर खर्च करणे मला पटत नाही.

पाण्याचा प्रश्न तर नागपूरकरांना नव्याने सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरले. ज्यांनी त्या सकाळी आपली कागदपत्रे, पुस्तके आणि छायाचित्रे गच्चीवर वाळत घातली, त्यांना संग्रहाचे पाण्याने काय होते हे वेगळे समजावण्याची गरज नाही. तळघरात कोठार, ही युरोपातील जुनी पद्धत येथे पूर्णपणे वर्ज्य मानली पाहिजे. जोते त्या दिवशीच्या पाण्याच्या खुणांच्या वर हवे, कोठार पहिल्या मजल्यावर हवे आणि त्याच्या छतावर पाण्याची टाकी किंवा शेजारी स्वच्छतागृह नको. शिल्पे आणि शिलालेख यांच्या वजनासाठी मात्र तळमजलाच योग्य, आणि दगडाला पाण्याचे भय त्या मानाने कमी असते.

उन्हाच्या बाबतीत एक चूक पाठ्यपुस्तकांतून चालत आली आहे. संग्रहालयाला उत्तरेचा प्रकाश द्यावा, तो स्थिर असतो आणि त्यात थेट ऊन नसते, असे वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. कर्कवृत्ताच्या बरेच उत्तरेला असलेल्या लंडन किंवा बर्लिनसाठी ते खरे आहे. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मे महिन्याच्या अखेरीस शून्य सावलीचा, म्हणजे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असण्याचा दिवस येतो, आणि तेव्हापासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणे तर उत्तरेच्या भिंतीवर त्याहून जास्त काळ पडतात. नेमका हाच नवतप्याचा, म्हणजे मेअखेरच्या नऊ अतितप्त दिवसांचा काळ, जेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कधी ४७ ओलांडतो. उत्तरेकडे उघडणारी छतावरील काचेची खिडकी परदेशी नकाशावरून जशीच्या तशी उचलली, तर वर्षातील सर्वांत तीव्र ऊन ती थेट दालनात घेईल. कापड, कागद आणि रंगीत हस्तलिखिते यांना ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश देऊ नये असा संकेत आहे, आणि उघड्यावरचा दुपारचा प्रकाश त्याच्या हजारपटीहून अधिक असतो. इमारतीचा लांब अक्ष पूर्व-पश्चिम ठेवावा, पश्चिमेच्या भिंतीला जिने, भांडारे आणि सेवाकक्ष द्यावेत आणि उत्तरेलाही खोल सज्जे व उभ्या पडद्या द्याव्यात, असे येथील सूर्य सांगतो.

हवेतील ओलाव्याच्या नियमांनाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रे वेल्समधील मॅनोड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत नेली होती. तेथे तापमान १७ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ५८ टक्के स्थिर ठेवली गेली आणि चित्रांचे तडकणे जवळजवळ थांबले. त्या अनुभवातून स्थिर हवामानाचा आग्रह जगभर पसरला. गेल्या दशकात मोठ्या संग्रहालयांनीच तो सैल करून बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश तापमान पुरेसे मानले, कारण त्या आग्रहापायी लागणारी वीज परवडेनाशी झाली होती. नागपुरात मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत असते आणि ऑगस्टमध्ये दमट. माहूरझरीच्या लोखंडाला ६० काय, ४० टक्केही जास्तच होतात. जमिनीतील क्षार धरून बसलेले लोखंड दमट हवेत पापुद्रे सोडू लागते आणि तांब्यावर फिकट हिरवी भुकटी येते. अशा वेळी उन्हाळ्यात प्रत्येक खिडकीला दिसणारा, वाळ्याचा सुगंध देणारा आपला कूलर कोठारात कधीही बसवू नये, कारण तो खोली गार करतो तो हवेत पाणी मिसळूनच. संपूर्ण इमारत यंत्राने थंड करण्यापेक्षा धातूसाठी एक लहान, जाड भिंतींची, कोरडी ठेवलेली खोली आणि बाकी कोठाराला दुहेरी भिंत व दुहेरी छत, हा मार्ग विद्यापीठाच्या वार्षिक खर्चाला पेलणारा आहे.

रस्ता, वाहनतळ, शाळांच्या बसगाड्यांसाठी वळण आणि मालवाहू गाडी थेट प्रयोगशाळेच्या दारापर्यंत येण्याची सोय या गोष्टी नेहमीच्याच आहेत आणि त्या कोणताही जाणता वास्तुविशारद पाहील. जागा पक्की करण्यापूर्वीचे जे काम बहुधा टाळले जाते ते मात्र सांगायला हवे. निवडलेल्या दोन किंवा तीन जागांवर मातीचे चाचणी खड्डे एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरमध्ये घ्यावेत. तेथेच एका साध्या खोलीत तापमान व आर्द्रता नोंदवणारे यंत्र एका मृगापासून पुढच्या नवतप्यापर्यंत ठेवावे आणि त्या बारा महिन्यांचा आलेख हाती आल्यावरच नकाशाचे काम सुरू करावे. त्याच बारा महिन्यांत विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागातील पेट्या उघडून प्रत्येक खापरावरची शाईची ओळ नोंदवहीत उतरवून घेता येईल, आणि कोठार किती मोठे हवे हे तेव्हा मोजून सांगता येईल.