आजोबांच्या ट्रंकेतल्या पुंगळ्या : काय ठेवता येतं, अर्ज कुठे करायचा

अपशिंगे मिलिटरी असो की खटावकडचं एखादं गाव, माजी सैनिकाच्या घरातली जुनी ट्रंक उघडली की मेडलांसोबत दोन-चार पितळी पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचं, निघतातच. लगेच नातू विचारतो, भरून परत वापरता येतील का?

आधी पुंगळी ओळखा. बुडाला बाहेर आलेली कड आणि लांबी साधारण ५६ मिमी, तर ती .३०३ रायफलीची. कड बाहेर नाही, लांबी ५१ मिमी, तर एसएलआर या लष्करी रायफलीची, ७.६२ मिमीची. बुडावर रोमन लिपीत ‘के एफ’ म्हणजे माल खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा. शेजारचे आकडे बहुधा सालाचे. बुडाच्या मधोमध बसवलेल्या टोपीवर (तिच्या ठिणगीने दारू पेटते) खड्डा असेल तर बार उडालेला. पण खड्डा असून गोळी जागेवरच असेल, तर तो फसलेला बार आहे. ते जिवंत काडतूसच समजा.

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार काडतुसाचे भागही दारूगोळ्यात मोडतात. मात्र बाकीच्या भागांसोबत वापरायचा हेतू नसेल, तर किरकोळ भागांना कलम ४५ सूट देतं. म्हणजे आठवण म्हणून कपाटात ठेवलेली रिकामी पुंगळी वेगळी आणि शेजारी बंदुकीची दारू आणि टोप्या जमवलेली पुंगळी वेगळी. पुन्हा भरणं ही निर्मिती. तिला कलम ५चा परवाना लागतो, घरातल्या बंदुकीचा परवाना इथे कामाचा नाही. त्यात .३०३ आणि ७.६२च्या रायफली प्रतिबंधित बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचं माप), त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात. साताऱ्यात खेटे घालून उपयोग नाही. नाद सोडा, असंच मी सांगतो.

जिवंत काडतूस निघालं तर घासूनपुसून चकाकवत बसू नका. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवून विनाविलंब जमा करा (कलम २१). साध्या कागदावर अर्ज : काय, किती, कुठे सापडलं, बुडावर काय कोरलंय. सोबत आधार, मृत्यू दाखला, सेवापुस्तिकेची प्रत, जुना परवाना असल्यास तोही.

परवान्याची बंदूकही असेल, तर वारसाला शस्त्र नियम, २०१६ खाली स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो. वय २१ पूर्ण हवं. नमुना ए-१ ऑनलाइन भरून प्रत कलेक्टर कचेरीच्या गृह शाखेत द्यायची. वय-पत्त्याचे पुरावे, फोटो, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि इतर वारसांची ना-हरकत जोडायची. गाडी अडते ती बहुतेक याच ना-हरकतीवर. मुंबईच्या आत्याची सही आधी घ्या.

काडतुसं जमा केल्यावर पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. पोचेवर नग आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहून घ्या.